वाघबीळच्या चढावर पोटात कळ : नेमकं काय होतं आणि कसं टाळायचं?

रंकाळाकाठ
आमच्या कोल्हापूरच्या रविवारच्या सायकल ग्रुपला कॉलेजची नवीन मुलं यायला लागलीत. पाय दणकट आहेत. शिवाजी पुलापासून केर्लीपर्यंत कुणाला ऐकत नाहीत. पण वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला की एकेकजण पोट धरून कडेला थांबतो. तक्रारी तीन तऱ्हेच्या आहेत. काहींना उजव्या बरगडीखाली टोचतं, दीर्घ श्वास घेतला की जास्तच. काहींना बेंबीभोवती मुरडा येतो, गॅस होतो, कधी थेट आडोसा शोधायची वेळ येते. आणि काहींचं पोट वरच्या बाजूला डब्ब होतं, आंबट ढेकर, मळमळ, पाण्याचा घोटही नको वाटतो.

एक म्हणतो मीठ कमी पडतंय, दुसरा म्हणतो रिकाम्या पोटी या, तिसरा म्हणतो गार पाणी बंद करा. मुलांनी ऐकायचं कुणाचं? जाणकारांनी कारणासकट आणि आकड्यांत सांगावं. किती खायचं, कधी खायचं, बाटलीत काय घालायचं आणि कळ आलीच तर घाटात काय करायचं.

पेडलपैलवान
बाटलीत मीठ आणि लिंबू. घामातनं मीठ गेलं की गोळा येतो. इतकं साधं आहे.

स्टेथोस्कोप
@पेडलपैलवान, पिंडरीत गोळा येणं आणि पोटात कळ येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिठाचं नंतर बघू. रंकाळाकाठ यांनी तीन तक्रारी वेगळ्या करून लिहिल्यात हे फार बरं केलं, कारण तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

बरगडीखालची टोचणी : छाती-पोटाच्या मधला पडदा आणि पोटाच्या आतलं पेरिटोनियम नावाचं अस्तर इथला हा प्रकार. अस्तराला घर्षण आणि ताण बसून ते चिडतं, हे आजचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण. भरलेलं पोट तिथं दाब वाढवतं, आणि ज्यूससारखं घट्ट गोड पेय पाण्यापेक्षा जास्त त्रास देतं. कधी कधी त्याच वेळी खांद्याच्या टोकालाही दुखतं, कारण पडद्याची मज्जातंतू आणि खांद्याची संवेदना मणक्यात एकाच ठिकाणाहून येतात. तरुण मुलांत हे मोठ्यांपेक्षा जास्त आढळतं, त्यामुळे कॉलेजच्या पोरांनाच का, याचं उत्तर बरंचसं इथं आहे. जोर कमी केला की काही मिनिटांत जातं.

मुरडा : कडक चढावर रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळतं. आतड्यांचा रक्तपुरवठा विश्रांतीच्या तुलनेत ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. अशा आतड्यात आदल्या रात्रीचं तेल, कडधान्य, चोथा पडून असेल तर ते कुरकुरणारच. अंगात पाणी कमी आणि ऊन जास्त असेल तर आणखी वाईट.

डब्ब पोट : जठर पुढे ढकलतच नाही. फार घट्ट गोड पेय, स्निग्ध पदार्थ किंवा गिळलेली हवा, यांपैकी काहीतरी.

चौथी शक्यताही धरा : पोटाचे स्नायूच आखडलेत. ओळखायची सोपी रीत आहे. उताणं झोपायचं, दुखतं तिथं बोट दाबून ठेवायचं आणि डोकं-खांदे जमिनीवरून उचलायचे. दुखणं वाढलं तर ते पोटाच्या भिंतीचं, कमी झालं तर आतलं.

बारक्या
म्हंजे काय खायचंच न्हाई का सकाळी? पाचला निघायचं असतंय, जेवण तीन तास आधी करा म्हणत्यात, मग रात्री दोनला उठू व्हय?

करवीरकन्या
@बारक्या, दोनला उठू नकोस भावा. पहाटेच्या राइडचं जेवण आदल्या रात्री असतं. आठच्या आत जेवायचं. भात, साधी आमटी किंवा वरण, दोन चपात्या. तांबडा-पांढरा, सुकं मटण, मटकीची उसळ, वांग्याचं भरीत हे सगळं शनिवारी दुपारी खा. मटणाचं तेल आणि कडधान्याचा चोथा आतड्यात बराच काळ राहतो, आणि बरोबर केर्लीच्या पुढं त्याची आठवण होते.

सकाळी निघायच्या ३०–४५ मिनिटं आधी एक पिकलेलं केळं, किंवा पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइस जॅम लावून, किंवा तांदळाची पेज मीठ घालून वाटीभर. साधारण २५–३० ग्रॅम कर्बोदकं झाली, वाघबीळपर्यंत पुरतात. सोबत २०० ते २५० मिली पाणी, एकदम न ओतता सावकाश.

सकाळी काय नको : शेंगदाणे आणि तेल मुबलक घातलेले पोहे, शाबूची खिचडी (शाबू पचायला हलका, पण कूट आणि तूप नाही), ज्वारीची भाकरी, आणि दूध. दुधाबद्दल इथं भांडण होणार हे माहीत आहे.

पेडलपैलवान
होणारच. गंगावेशीतलं दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पिऊन पिढ्यान् पिढ्या तालमी घुमल्यात. दुधानं पोट बिघडतं हे कोल्हापुरात येऊन सांगू नका.

स्टेथोस्कोप
तालमीत दूध-थंडाई मेहनत झाल्यावर पितात, जोर-बैठका काढता काढता नाही. त्या रीतीत शहाणपण आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो, तो जठर रिकामं व्हायला वेळ लावतो. शिवाय मोठेपणी अनेकांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पूर्ण पचत नाही. बसून असताना ते जाणवत नाही, पण रक्तपुरवठा घटलेल्या आतड्यात तेच लॅक्टोज पाणी ओढतं आणि गॅस करतं. राइड संपल्यावर तासाभरानं पेलाभर दूध प्या, उत्तम आहे. व्हे प्रोटीनचा शेक सकाळी निघताना पिणाऱ्यांनाही हेच लागू.

घाटमाथा
खाण्यावर सगळे बोलतायत, पण पन्हाळ्याच्या बाबतीत माझ्या मते पहिला दोष वेगाचा आहे. कोल्हापूरपासून पन्हाळा वीस किलोमीटरच्या आसपास, आणि गड आजूबाजूच्या सपाटीपेक्षा चारशे मीटरच्या वर. त्यातली बरीचशी चढाई वाघबीळनंतरच्या टप्प्यात येते. मुलं सपाटीवर एकमेकांच्या मागे दम लागेपर्यंत हाणतात, वाघबीळला थांबून अर्धी बाटली घटाघटा पितात आणि लगेच पहिल्याच वळणाला उभं राहून पेडल मारतात. अर्धा लिटर पाणी पोटात डचमळतंय, श्वास वरवरचा, पोट आवळलेलं. टोचणी न आली तरच नवल.

उपाय असा. केर्लीपासून वाघबीळपर्यंत दर १० मिनिटांनी दोन-तीन घोट, म्हणजे तिथं पोचताना ना तहान ना भरलेलं पोट. चढाची पहिली दहा मिनिटं पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोरात. बोलणं तुटलं की गिअर हलका. पुढे ३४ दाती आणि मागे ३२ दाती चकती असेल तर बहुतेकांना मिनिटाला पेडलचे ७५–८५ फेरे ठेवता येतात. ५०–५५ फेऱ्यांवर जड गिअर रेटला की माणूस प्रत्येक दाबाला नकळत श्वास कोंडतो आणि पोट घट्ट करतो. त्यातनं स्नायूही आखडतात आणि पडद्यावरही ताण येतो. नव्या मुलांच्या जुन्या सायकलींना मागे २५ किंवा २८ चीच मोठी चकती असते, ती बदलणं हा पोटाचाच उपचार समजा. फक्त आधी मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) किती दातांपर्यंत चालतो ते पाहून घ्या. लहान पिंजऱ्याच्या जुन्या डिरेल्युअरला ३२ दाती चकती बसत नाही, चेनही लांब लागते.

तिकटी
बसण्याची पद्धतही पहा. स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) फार खाली असेल तर मांडी वर येताना दर फेऱ्याला पोट दाबलं जातं आणि पाठीला पोक येऊन पडद्याला खाली सरकायला जागा राहत नाही.

हँडल वर घ्यायचं तर स्टेमच्या वर एखादी स्पेसर-रिंग असते ती खाली घ्या, काम दहा मिनिटांचं. आधी स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करा, मग वरच्या टोपीचा बोल्ट काढा, स्टेम उचला, रिंग खाली घाला, स्टेम बसवा. आता आधी टोपी आवळायची, पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे हलवल्यावर खडखड होऊ नये आणि हँडल मोकळं वळावं इतकीच. मग चाक आणि हँडल सरळ करून बाजूचे बोल्ट आळीपाळीनं, स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतके (आवळायच्या जोराइतके), बहुतेक वेळा ५ न्यूटन मीटर. हा क्रम उलटा केला तर हेडसेटमध्ये (हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगमध्ये) ढिलाई राहते, आणि पन्हाळा उतरताना ती फार धोक्याची. एका वेळी ५ ते १० मिलीमीटरच बदला, दोन-तीन राइड करून मग पुढचं.

सीट फार उंच असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलते, पोटाच्या बाजूचे स्नायू दिवसभर तोल सांभाळत राहतात आणि शेवटी आखडतात. मागून कुणीतरी व्हिडिओ काढा, लगेच दिसेल. आणि इलास्टिकची पट्टी पोटात रुतणारी शॉर्ट असेल तर खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट घ्या.

गूळवाट
आता बाटली. बाजारच्या पुड्या लागत नाहीत, पण मोजमाप लागतं.

७५० मिलीच्या बाटलीला ४५ ग्रॅम साखर, १ ग्रॅम मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. साखरेचं प्रमाण ६ टक्के होतं, ते जठरातून चांगलं पुढे सरकतं. आठ टक्क्यांच्या वर गेलं की पोटात रेंगाळायला लागतं. १ ग्रॅम मीठ चिमटीनं मोजू नका, चिमूट प्रत्येकाची वेगळी. १० ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली द्रावण करून ठेवा, त्यातलं औषधाच्या मापानं १० मिली घातलं की बरोबर १ ग्रॅम मीठ. त्यात साधारण ३९० मिलीग्रॅम सोडियम.

साखरेऐवजी गूळ चालतो, ५० ग्रॅम घ्या, कोमट पाण्यात विरघळवून फडक्यातनं गाळा. न गाळलेल्या गुळातली कचर बाटलीच्या तोंडात अडकते. काकवी वापरायची तर निम्म्या प्रमाणापासून सुरुवात करा, घट्टपणा प्रत्येक गुऱ्हाळाचा वेगळा.

उसाचा रस मात्र सायकलवर तसाच पिऊ नका. त्यात साखर बाटलीच्या दुपटीहून जास्त. ज्यांना मळमळतं त्यांतले बरेच जण घाटाआधी गाड्यावर रसाचा मोठा ग्लास मारणारे असतात. प्यायचाच तर निम्मं पाणी, बर्फाशिवाय, आणि तोही परतीला. फळांचे डब्यातले ज्यूस आणि कोला साधारण १०–१२ टक्क्यांचे, त्यांनाही हाच नियम.

बारक्या
गूळवाट अण्णा, ते पुडीतलं गोड एनर्जी जेल घेतलं तर?

गूळवाट
एका जेलमध्ये बहुधा २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं. सोबत साधं पाणी, किमान १५० मिली. जेलवर गोड बाटली प्यायली की पोटात पाकच तयार होतो. पण बाळा, पन्हाळा करून परत यायला दोन-अडीच तास. केळं खाऊन निघालास आणि वरची एक बाटली दर तासाला संपवलीस तर जेलची गरजच नाही.

घाटमाथा
लांब राइडचं गणित वेगळं. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडीला जायचं आणि परत चढायचं, किंवा २०० किलोमीटरची बीआरएम (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत, तिथं तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं लागतात. आतडं ग्लुकोज एका वाटेनं शोषतं, तिची मर्यादा तासाला ६० ग्रॅमच्या आसपास. फ्रुक्टोजची वाट वेगळी. म्हणून नुसती ग्लुकोज पावडर ९० ग्रॅम घातली की उरलेली खाली आतड्यात साचून मुरडा देते. ३० ग्रॅम ग्लुकोज पावडर आणि ६० ग्रॅम साधी साखर घ्या. साखर निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज, त्यामुळे एकूण ग्लुकोज ६० आणि फ्रुक्टोज ३० होतं. तेवढं सगळं एका बाटलीत घालू नका, १२ टक्के होईल. निम्मं बाटलीतून, निम्मं खाऊन : खजूर, केळं, राजगिऱ्याचा लाडू, जॅम-ब्रेड.

आणि हे आतड्याला शिकवावं लागतं. आठवड्यातल्या दोन-तीन राइडना तासाला ३० ग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला दहा-दहा वाढवत न्या. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा ९० ग्रॅम खाणाऱ्याचं पोट त्याच दिवशी उत्तर देतं.

पेडलपैलवान
बरं, मिठाचं काय? मी अजून तिथंच आहे.

स्टेथोस्कोप
मिठाचं काम आहे. घामातून सोडियम जातं, ते थोडं भरून काढलं की पाणी अंगात टिकतं आणि लहान आतड्यात ग्लुकोजसोबत पाणी शोषायलाही सोडियम लागतं. पण बरगडीखालच्या टोचणीवर मीठ हा उपाय नाही. उलट दोन चमचे मीठ एकदम घातलेलं पाणी आतड्यात पाणी ओढून मुरडा आणि जुलाब देतं. दुसरं टोक म्हणजे घामापेक्षा जास्त साधं पाणी ढोसत राहणं. त्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळ होतो, आणि ते जिवावर बेतू शकतं.

स्वतःचा घाम मोजा. तासाभराच्या राइडआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन. ६२.० चं ६१.३ झालं आणि मधे ५०० मिली प्यायलात, तर घाम १.२ लिटर. सगळा भरून काढायचा नाही. कडक चढावर तासाला ६०० ते ८०० मिली बहुतेकांचं पोट सहन करतं. एप्रिल-मेमध्ये आणि कोकणच्या दमट बाजूला पुन्हा मोजा, आकडा बदलतो.

वाऱ्याचीदिशा
गार पाण्याचं राहिलं की. फ्रिजमधलं पाणी बाटलीत नेऊ नये हे बरोबर का?

करवीरकन्या
गारपणापेक्षा घोट किती मोठा हे जास्त महत्त्वाचं. उन्हात गार पाणी अंग थंड ठेवतं आणि माणूस पुरेसं पितो. बाटली दाबून तोंडात धार सोडा, चोखू नका. धापा टाकत चोखलं की पाण्याबरोबर हवा जाते, आणि ती हवाच वर फुगते. सोड्याची बाटलीही त्याच कारणासाठी परतीनंतर.

आणि बाटली धुता का? गोड पाण्याची बाटली तशीच राहिली की झाकणाच्या रबरात काळी बुरशी धरते. झाकण सुटं करा, गरम पाणी आणि खायचा सोडा घालून अर्धा तास ठेवा, लहान ब्रशनं तोंड घासा, उघडीच वाळवा. पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल-शेण चाकानं उडून थेट बाटलीच्या तोंडावर बसतं. तेव्हा टोपण असलेली बाटलीच घ्या. दुसऱ्या दिवशी जुलाब झाले तर दोष चढाला देऊ नका.

मुलींसाठी एक गोष्ट : पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत प्रोस्टाग्लॅंडिन नावाच्या शरीरातल्या रसायनामुळे आतड्यांची हालचालही वाढते, मुरडा आणि पातळ शौच होऊ शकतं. त्या दिवशी चोथा आणि कॉफी कमी, घोट लहान, चढ सोप्या गिअरवर. दुखण्याची गोळी घेऊन उन्हात लांब राइड करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्टेथोस्कोप
हे सगळ्यांनाच लागू. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक जातीच्या गोळ्या राइडआधी घेऊ नका. रक्तपुरवठा घटलेल्या आतड्याचं अस्तर त्या आणखी कच्चं करतात, आणि अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडावरही ताण येतो. शुगर-फ्री प्रोटीन बारमधले माल्टिटॉल, सॉर्बिटॉल हे साखरेऐवजी घातलेले गोड पदार्थही मुरड्याचं नेहमीचं कारण, वेष्टन वाचा.

राजारामतळं
ट्रायथलॉनवाल्यांसाठी (आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं) थोडं. पोहताना हवा आणि पाणी गिळलं जातं, म्हणून सायकलवर बसल्या बसल्या पोट फुगतं. पहिली १५–२० मिनिटं फक्त साध्या पाण्याचे छोटे घोट, सपाटीवर हलका गिअर, ढेकर येऊ द्या. मग गोड बाटली आणि खाणं.

बारक्या
आणि वर गेल्यावर झुणका-भाकर? ती तर खायाचीच. न्हाईतर पन्हाळ्याला जाऊन उपेग काय!

घाटमाथा
खा की, मनसोक्त. पण खाल्ल्यावर पाऊण तास बस, तटावरनं फिर, मग निघ. उताराला पोटाला त्रास नाही, फक्त वाघबीळनंतरच्या सपाटीवर कुणाच्या मागे धावू नकोस. ठेचा मात्र चवीपुरताच.

रंकाळाकाठ
सगळ्यांचे आभार, मुलांना धागा पाठवतोय. एक प्रश्न राहिला : चढाच्या मधेच टोचणी आली तर? काही जण तसंच रेटत राहतात. आणि थांबून डॉक्टरकडे न्यायचं कधी?

स्टेथोस्कोप
टोचणी आली की आधी जोर निम्मा करा, दोन गिअर हलके. बसूनच, हात हँडलच्या वरच्या सपाट भागावर, छाती उघडी. ओठ चंबू करून श्वास पूर्ण बाहेर सोडा, घेताना पोट पुढे येऊ द्या. असे १०–१५ श्वास. नाही गेली तर उतरा, दुखऱ्या जागी तीन बोटं खोल दाबून कमरेतून किंचित पुढे वाका आणि तसाच श्वास सोडत रहा. मग त्याच बाजूचा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन बाजू ताणा. गेल्यावर पाच मिनिटं हलकं चालवा, मग जोर. त्या वेळात काही पिऊ नका. फक्त चूळ भरा.

मुरडा असेल तर रेटून उपयोग नाही. सावलीत थांबा, अंग थंड करा, गोड बंद, साध्या पाण्याचे घोट. जुलाब झाले तर ओआरएसची पुडी, पुडीवर लिहिलेल्याच मापाच्या पाण्यात. लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये कालवली की जुलाब वाढतात.

आता नेण्याबद्दल. विश्रांतीनंतर तासाभरातही न थांबणारं दुखणं. उजव्या बाजूला खाली सरकत जाणारं आणि हलताना वाढणारं, सोबत ताप किंवा उलटी : अपेंडिक्सची शंका. पाठीच्या बाजूनं जांघेत उतरणारी असह्य कळ : मुतखडा असू शकतो. शौचात रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच. आणि चाळिशीपुढच्या कुणाला पोटाच्या वरच्या भागात दाब, थंड घाम, जबडा किंवा हाताकडे जाणारं दुखणं, तर ते पित्त समजून सोडा पाजत बसू नका. सायकल तिथंच ठेवा आणि १०८ ला फोन करा.

तिकटी
@रंकाळाकाठ, मुलांना सगळं एकदम बदलायला सांगू नका, कशानं फरक पडला ते कळणार नाही. ज्याला टोचणी, त्यानं पहिल्यांदा वाघबीळचं घटाघटा पाणी बंद करावं आणि चढाची सुरुवात हळू करावी. ज्याला मुरडा, त्यानं शनिवार रात्रीचं जेवण. ज्याचं पोट फुगतं, त्यानं बाटलीतली साखर वजन करून घालावी. दोन रविवार तेवढंच, मग पुढचं.

पेडलपैलवान
शनिवार रात्रीचं मटण दुपारी घ्यायला आमची तयारी आहे. @गूळवाट, ते मिठाचं द्रावण किती दिवस टिकतं?

गूळवाट
उकळून गार केलेल्या पाण्यात, स्वच्छ काचेच्या बाटलीत आठवडाभर ठेवा, मग नवीन करा. लिंबू त्यात घालू नका, ते रोजच्या बाटलीतच. आणि बाटलीवर "मीठ" असं मोठ्या अक्षरात लिहा, घरातलं कुणी पाणी समजून पिईल.